गुझमानिया वाळते आहे : द्रोणात पाणी कोणते घालावे?

पूर्णाकाठ · १२ मे

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका लहान गावात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या नोव्हेंबरात माझी बदली झाली, तेव्हा आधीच्या शाळेतील सहकाऱ्यांनी निरोपादाखल मला गुझमानियाची कुंडी दिली. झाडाच्या मधोमध वीतभर उंचीचा लालभडक तुरा होता आणि तो चार महिने जसाच्या तसा टिकला. घरी येणारे पाहुणे तो प्लॅस्टिकचा तर नाही ना, हे बोटाने चाचपून पाहत असत. मार्चच्या अखेरीस त्याचा रंग उतरू लागला आणि आज तो चहाच्या चोथ्यासारखा दिसतो आहे. खालच्या पानांची टोकेही दोन-दोन बोटे वाळली आहेत.

झाड ओसरीवर, पूर्वेच्या खिडकीपाशी आहे. थेट ऊन त्याला लागत नाही. पाणी मी कुंडीतील मातीला देते. पानांच्या मध्ये जो द्रोणासारखा खोलगट भाग तयार होतो त्यात पाणी भरून ठेवावे, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने तसे केल्यास झाड कुजते, असे बजावले. आमचे गाव खारपाणपट्ट्यातले असल्यामुळे विहिरीच्या पाण्याने डाळही नीट शिजत नाही आणि नळाचे गोडे पाणी पिण्यापुरते भरून ठेवावे लागते. तेव्हा पाणी कोठे द्यावे, कोणते द्यावे, आणि मुख्य म्हणजे हे झाड माझ्या चुकीने मरते आहे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काळी_माती · १२ मे

आमच्याकडे झाड खरे की खोटे या शंकेचे निरसन शेळीने केले. झाड खरे निघाले आणि शेळीलाही काही झाले नाही.

निवृत्त_गुरुजी · १३ मे

ताई, सर्वांत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तोच आपल्याला अधिक टोचत असावा. तुरा वाळला यात आपली काहीही चूक नाही. गुझमानिया ही अननसाच्या कुळातील वनस्पती आहे आणि या कुळातील बहुतेक झाडांच्या एका रोपाला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो. फुलोरा येऊन गेला की मूळ रोप वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाळत जाते आणि जाण्यापूर्वी बुडाशी एक-दोन पिल्ले सोडते. आपल्या परसातील केळीचेही असेच असते. केळ व्याली की तो खांब संपला, पण म्हणून कोणी केळ मेली असे म्हणत नाही. आपण ज्याला तुरा म्हणता ती फुले नव्हेत, ती रंगीत सहपत्रे होत. खरी फुले पांढरट-पिवळी, लहानशी असतात, सहपत्रांच्या आडून डोकावतात आणि थोड्या दिवसांत संपतात, त्यामुळे बहुतेकांच्या ती नजरेसही पडत नाहीत.

पानांची टोके वाळणे हा मात्र वेगळा विषय आहे आणि तेथे आपला खारपाणपट्टा दोषी असण्याची शक्यता मोठी आहे. त्याआधी एक परीक्षा करून पाहावी. सर्वांत आतले, कोवळे पान चिमटीत धरून अगदी हलके वर ओढावे. ते घट्ट असेल तर झाडाचा गाभा शाबूत आहे. ते अलगद हातात आले, बुडाशी तपकिरी बुळबुळीत दिसले आणि आंबूस वास आला, तर गाभा कुजला असे समजावे. अशा झाडाला पाणी कोणते द्यावे हा प्रश्नच उरत नाही.

आता पाणी कोठे द्यावे, याविषयी. या कुळाच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि आफ्रिकेच्या पश्चिम भागातील एक जात वगळता सर्वच्या सर्व अमेरिका खंडातल्या आहेत. गुझमानिया मध्य व दक्षिण अमेरिकेच्या दमट अरण्यांत मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढते. तेथे तिच्या मुळांना माती मिळतच नाही. मुळांचे मुख्य काम फांदीला धरून ठेवण्याचे असते. पावसाचे पाणी, पडलेला पालापाचोळा आणि मेलेले किडे पानांच्या द्रोणात जमतात आणि पानांच्या बुडाशी असलेले सूक्ष्म खवले त्यातून पाणी व अन्न शोषून घेतात. म्हणून द्रोणात दोन बोटे पाणी असावे आणि कुंडीतील मिश्रण ओलसर असावे, चिखल नसावा. द्रोणातील पाणी आठवड्यातून एकदा ओतून बदलावे. त्यामुळे झाड कुजते असे म्हणणारे सहसा तेच पाणी महिनोन्‌महिने ठेवणारे असतात.

अकोल्याचे_ऊन · १३ मे

गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवून थोडी असहमती नोंदवतो. द्रोणात पाणी ठेवण्याचा सल्ला अरण्याला लागू आहे, मे महिन्यातल्या अकोल्याला नाही. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की सकाळी द्रोणात घातलेले पाणी दुसऱ्या दिवशी अर्धे झालेले असते. पाणी उडून जाते, क्षार मात्र उडत नाहीत. ते तेथेच साठतात. आपण रोज त्यावर नवे खारे पाणी घालत राहिलो, तर पानांच्या बुडाशी एक छोटे मिठागरच तयार होते. मी तीन गुझमानिया अशाच घालवल्या आणि त्यानंतर मे महिन्यात द्रोण कोरडा ठेवून केवळ मिश्रण ओले ठेवू लागलो.

कूलरचाही अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी मी कुंडी मुद्दाम कूलरच्या समोर ठेवली, कारण या झाडांना दमट हवा हवी असते असे वाचले होते. आठ दिवसांत पानांवर पांढरे ठिपके दिसू लागले. मला वाटले, रोग आला. ओल्या बोटाने पुसून पाहिले तर ठिपका निघाला, आणि बोट जिभेला लावले तर ते खारट लागले. कूलरच्या टाकीत बोअरचे पाणी होते आणि वाऱ्यासोबत त्याचे बारीक तुषार झाडावर येऊन वाळत होते. आता कुंडी त्याच खोलीत पण कूलरच्या बाजूच्या कोपऱ्यात असते; तेथे दमटपणा पोहोचतो, तुषार पोहोचत नाहीत.

निवृत्त_गुरुजी · १३ मे

अकोल्याच्या भाऊंचे निरीक्षण योग्य आहे. निष्कर्षात मात्र थोडी दुरुस्ती सुचवतो. दोष द्रोणातील पाण्याचा नसून त्या पाण्यातील क्षारांचा आहे. पाणी गोडे असेल आणि ते आठवड्याला पूर्ण बदलले जात असेल, तर घरातील सावलीच्या जागी मे महिन्यातही द्रोण भरलेला ठेवता येतो. गोडे पाणी नसेल तर कोरडा द्रोण बरा, हे मला मान्य आहे.

कवेलू · १४ मे

आमच्या कवेलूच्या घराला मी पन्हळ लावली आहे आणि पावसाळ्यात दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा पिंप भरून ठेवते. पहिल्या दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. पिंपाच्या तोंडाला जुने धोतर घट्ट बांधावे. हे पाणी मला दिवाळीनंतरही पुरते, कारण या झाडांना लागते तरी किती! माझ्या चार कुंड्यांना आठवड्याला एक तांब्याही लागत नाही.

नवा_सभासद · १४ मे

आमच्या घरी आरओचे यंत्र आहे आणि त्यातून वाया जाणारे पाणी आम्ही बादलीत साठवतो. ते या झाडांना दिले तर चालेल काय?

अकोल्याचे_ऊन · १४ मे

कृपया देऊ नये. आपल्याला प्यायला गोडे पाणी मिळावे म्हणून यंत्राने बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत आलेले असतात. त्या पाण्याने फरशी पुसावी. झाडाला आरओचे पिण्याचे पाणी द्यावे. गावात वीस लिटरचा जार मिळत असेल तर त्यातील एक पेला पुरेसा आहे.

संत्राबाग · १५ मे

क्षारांची चर्चा चालू आहे, म्हणून त्याहूनही घातक अशा एका गोष्टीविषयी लिहितो, कारण मी ती स्वतःच्या हाताने केली आहे. आमची वरूडकडे संत्र्याची बाग आहे. डिंक्या रोगासाठी आम्ही झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावतो आणि बोर्डो मिश्रणाची फवारणीही करतो. माझ्या पत्नीने हौसेने जमवलेल्या सात कुंड्या पडवीत होत्या; त्यांत गुझमानिया, एकमिया आणि निओरेजेलिया अशी याच कुळातली तीन प्रकारची झाडे होती. एका पानावर बुरशीसारखा डाग दिसला, म्हणून पंपात उरलेले बोर्डो मिश्रण मी मोठ्या उदारपणे साऱ्याच कुंड्यांवर मारले. संत्र्याला जे मानवते ते शोभेच्या झाडाला का मानवू नये, असा माझा हिशेब होता.

दहा-बारा दिवसांत एकेका झाडाचे मधले पान पिवळे पडले, आणि गुरुजींनी वर सांगितलेली परीक्षा मी तेव्हा नकळत केली : पान धरले तर ते हातात आले. सातपैकी सहा झाडे गेली. नंतर कळले की तांबे हे या संपूर्ण कुळाला विष आहे. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबेच. द्रोणात साठलेले औषध झाडाने दिवसेंदिवस शोषले. सातवे झाड वाचले, कारण ते दाराआड होते आणि फवारा तेथवर पोहोचला नाही. तेव्हापासून आमच्या घरात या विषयावर मी बोलत नाही.

काळी_माती · १५ मे

येथे बोलता, हे वहिनींना ठाऊक आहे काय?

पूर्णाकाठ · १५ मे

संत्राबाग भाऊंचा प्रतिसाद वाचून मी हातातले काम ठेवून ओसरीवर गेले. आमच्या सासूबाई रोज सकाळी पूजा झाल्यावर तांब्याच्या तांब्यातील उरलेले पाणी परसातल्या तुळशीला घालतात. हिवाळ्यापासून त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळे त्या परसापर्यंत न जाता ते पाणी जवळच्या या कुंडीतच ओततात, हे मला ठाऊक होते. पण त्याचा विचार मी कधी केला नव्हता. आज द्रोणात डोकावून पाहिले, तर तळाशी कुंकवाचा गाळ आणि झेंडूची एक कुजलेली पाकळी सापडली.

आतले पान ओढून पाहिले, ते घट्ट आहे. सासूबाईंना समजावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “देवाचं पाणी हाये, त्यानं कधी झाड मरते का वं? तुयशीले चालते, मंग याले काहून चालत नाही?” या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

निवृत्त_गुरुजी · १६ मे

उत्तर असे देता येईल की तुळस पाणी मातीतून घेते आणि पाण्यात आलेले थोडे तांबे मातीच्या कणांना चिकटून तेथेच राहते, तर या झाडाच्या द्रोणात माती नाही; जे ओतले ते थेट पानालाच लागते. रात्रभर भांड्यात राहिलेल्या पाण्यात तांबे अल्पच उतरते, त्यामुळे बोर्डोसारखा अनर्थ झाला नसावा. तरीही महिनोन्‌महिने रोज ते पाणी साठवत राहणे योग्य नाही, आणि कुंकू व फुले कुजली की गाभ्याला धोका वेगळाच. आजींचे मन मोडण्यापेक्षा तुळशीची एक कुंडी ओसरीवर आणून ठेवावी, हे सोपे पडेल. गुझमानियाचा द्रोण गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा विसळून, कुंडी आडवी करून रिकामा करावा.

उपकेंद्र · १६ मे

मी आरोग्य विभागात काम करते आणि इतका वेळ हा धागा वाचताना माझा जीव वरखाली होत होता. आम्ही दारोदार जाऊन कुंड्यांखालच्या बशा, टायर, कूलरच्या टाक्या आणि रांजण रिकामे करायला सांगतो, आणि येथे सर्वजण घरात पाणी साठवण्याच्या युक्त्या सांगत आहेत! डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ ते दहा दिवस पुरतात. आपला द्रोण त्याला अगदी मानवणारा आहे. मागील वर्षी एका घरी मी टॉर्च मारून पाहिले, तर अशाच लाल झाडाच्या द्रोणात अळ्या वळवळत होत्या, आणि घरच्यांनी मात्र कोरडा दिवस पाळण्यासाठी सगळी भांडी पालथी घातलेली होती.

कवेलू · १६ मे

ताई, भीती रास्त आहे, पण म्हणून झाडच टाकून द्यावे काय? आठवड्याला पाणी बदलले तर अळीचा डास होण्याआधीच ती वाहून जाते.

उपकेंद्र · १७ मे

झाड टाकावे असे मी म्हटलेले नाही. पण केवळ पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या एका दिवशी कुंडी परसात नेऊन आडवी करावी, पिचकारीने किंवा नळीने पानांच्या बेचक्यांत जोराने पाणी मारून अंडी धुऊन काढावीत आणि मगच नवे पाणी घालावे. पावसाळ्यात, जेव्हा हवा तशीही दमट असते, तेव्हा जुलै ते ऑक्टोबर द्रोण रिकामाच ठेवून मिश्रणाला पाणी द्यावे, अशी माझी विनंती आहे. अळ्या मारण्यासाठी द्रोणात रॉकेल किंवा खाद्यतेल टाकण्याचा उपाय काही जण करतात. तो अळ्यांबरोबर झाडालाही मारतो.

काळी_माती · १७ मे

आरोग्य विभाग विहिरींत गप्पी मासे सोडतो. या द्रोणात एक सोडता येईल काय?

उपकेंद्र · १७ मे

माशाने परवानगी दिल्यास सोडावा.

झाडीपट्टी · १८ मे

मासा नाही, परंतु बेडूक राहू शकतो. मी गडचिरोली जिल्ह्यात राहतो आणि माझी निओरेजेलिया अंगणातील आंब्याखाली, गाळीव उन्हात असते. मागील पावसाळ्यात तिच्या द्रोणात आपल्या न्हाणीघरात येतो तो तपकिरी झाडबेडूक दिवसभर नाकापर्यंत बुडून बसलेला असे. मध्य अमेरिकेतील एका लाल विषारी बेडकाची मादी तर आपले बेडूकमासे एकेक करून पाठीवर घेऊन अशाच द्रोणांत सोडते. जमैकात एक खेकडा आहे, तो आपली पिल्ले द्रोणातच वाढवतो आणि पाण्याची आम्लता कमी व्हावी म्हणून गोगलगायींचे रिकामे शंख आणून त्यात टाकतो. पाण्याच्या गुणवत्तेची काळजी करणारे आपणच पहिले नाही, एवढेच सांगायचे आहे.

आमच्या वडिलांचा मात्र या झाडाला ठाम विरोध होता. दुसऱ्या झाडावर वाढते ते बांडगूळ, आणि बांडगूळ घरात आणू नये, असे ते म्हणत. शेवटी मी त्यांना गावाबाहेरच्या मोहावर वाढलेली रास्ना दाखवली. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या आत घुसवून त्याचा रस पिते. रास्नेची मुळे सालीवरून नुसती लोंबत असतात. ही अमेरिकेतली झाडे रास्नेच्या पंक्तीतली आहेत, बांडगुळाच्या नाहीत. वडिलांनी ते मान्य केले. कुंडी मात्र अंगणातच राहू द्यावी, असे सांगितले.

माजघर · १९ मे

पानांवरच्या खवल्यांविषयी गुरुजींनी लिहिले, ते मला वर्षभरापूर्वी कळले असते तर बरे झाले असते. माझ्याकडे एकमिया फॅसिआटा होती, ब्राझीलची, जिची हिरवी पाने चंदेरी पट्ट्यांनी भरलेली असतात आणि गुलाबी सहपत्रांतून निळी फुले येतात. दिवाळीच्या साफसफाईत मला ती चंदेरी झाक धूळ वाटली. मी ओल्या फडक्याने एकेक पान मन लावून पुसले आणि झाड हिरवेगार, तुकतुकीत करून ठेवले. दुसऱ्या दिवशी फडके पाहिले तर त्यावर पिठासारखी भुकटी होती. ते खवले पुन्हा आलेच नाहीत. नवीन पाने चंदेरी येतात आणि जुनी तशीच हिरवी आहेत, त्यामुळे झाड अर्धे रंगवून सोडल्यासारखे दिसते.

काळी_माती · २० मे

इतके दिवस थट्टा केली, आता प्रायश्चित्त म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो. ताई, आपण पहिल्या प्रतिसादात “मातीला पाणी देते” असे लिहिले आहे. ती माती जर आपल्या शेतातली काळी माती असेल, तर पाणी कोणतेही दिले तरी झाड फार काळ टिकणार नाही. कापसाला जी माती सोन्यासारखी, ती या झाडाला चिखलाची कोठडी आहे. ओली झाली की फुगून मुळांचा श्वास कोंडते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. नारळाच्या सालीचे बोटभर तुकडे दोन भाग, चुलीतला लाकडी कोळसा फोडून एक भाग आणि विटेचा चुरा एक भाग, एवढे मिश्रण मला पुरते. कुंडी लहान घ्यावी; मोठ्या कुंडीत मिश्रण लवकर वाळत नाही. खत जवळपास नकोच. मी पऱ्हाटीच्या सवयीने चिमूटभर युरिया द्रोणात टाकला होता, तर पाने लांबलचक, फिकट झाली आणि मधोमध जळाली. आता द्रवरूप खत, तेही डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथा हिस्सा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा मिश्रणालाच देतो.

पूर्णाकाठ · २१ मे

माती काळीच आहे. जुन्या कुंडीत ती कमी वाटली, म्हणून मीच मोठ्या हौसेने शेतातून आणून भरली होती. रविवारी कुंडी बदलते.

परसबाग · २ जून

विषयाला थोडे सोडून आहे, पण ज्यांना रोपवाटिकेतले चार-पाचशे रुपयांचे झाड घेणे जमत नाही त्यांनी बाजारातील अननसाचा शेंडा लावावा. तोही याच कुळातला आहे. कोलंबसाला १४९३ साली ग्वाडेलूप बेटावर तो मिळाला आणि पुढे पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला. शेंडा पिळून काढावा, खालची पाने सोलावीत, चार दिवस सावलीत सुकवावा आणि लावावा. माझ्याकडे दोन वर्षांनी मुठीएवढे फळ आले. चव सांगण्यासारखी नव्हती, पण पाहायला सारी आळी येऊन गेली.

पूर्णाकाठ · १७ ऑगस्ट

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मे महिन्यात कुंडी बदलताना बुडाचे वाळलेले पान सोलले, तर त्याखाली हिरवे, टोकदार असे काही दिसले होते. ते मुळाचा कोंब असावे असे समजून मी विसरले. आज ते चार बोटे उंच झाले आहे आणि त्याच्या विरुद्ध बाजूस दुसरे निघाले आहे. तुळस ओसरीवर आली आहे. जूनपासून पावसाचेच पाणी देते आणि उपकेंद्र ताईंच्या सांगण्यावरून द्रोण कोरडा ठेवला आहे. मूळ झाडाची बाहेरची पाने वाळतच आहेत. पिल्ले आता वेगळी करावीत काय?

निवृत्त_गुरुजी · १७ ऑगस्ट

अद्याप नको. वाळत चाललेले मूळ झाड अजून पिल्लांना पोसते आहे, म्हणून त्याची हिरवी पाने कापू नयेत. पिल्लू आईच्या निम्म्याएवढे, किमान एक तृतीयांश झाले आणि त्याला स्वतःची थोडी मुळे फुटली, की धारदार स्वच्छ चाकूने बुडाशी कापून वेगळे करावे, काप दिवसभर सुकू द्यावा आणि मग लहान कुंडीत डुगडुगणार नाही असे बसवावे. कडाक्याच्या थंडीत हे काम करू नये. या झाडांना रात्रीचा पारा दहाच्या खाली गेलेला सोसत नाही, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत तो जातो. तेव्हा एकतर ऑक्टोबरअखेर करावे किंवा सरळ फेब्रुवारीवर टाकावे.

पूर्णाकाठ · २९ ऑक्टोबर

काल दोन्ही पिल्ले वेगळी केली. एकाला पाच मुळे आहेत, दुसऱ्याला दोनच. त्याला काडीचा आधार बांधला आहे. आता एक प्रश्न उरतो : यांना लाल तुरा केव्हा येईल? पिकलेले सफरचंद झाडाशेजारी ठेवले तर तो लवकर येतो असे ऐकले, ते खरे आहे काय?

संत्राबाग · ३० ऑक्टोबर

खरे आहे, पण घाई नको. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि तोच या झाडांना फुलोऱ्याचा इशारा देतो. आंब्याची अढी, ज्याला आमच्याकडे माच म्हणतात, तिच्यात एक पिकलेला आंबा बाकीच्यांना पिकवतो तो याच वायूमुळे. द्रोण रिकामा करून, झाड सफरचंदासह मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत आठ-दहा दिवस सावलीत बांधून ठेवतात. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत तुरा दिसू लागतो. मात्र झाड पूर्ण वाढलेले हवे. पिल्लाला त्यासाठी दोन वर्षे तरी द्यावीत. लहान झाडावर हा प्रयोग केला तर तुरा आलाच तरी खुरटा येतो, आणि त्या तुऱ्यासोबत झाडाचे आयुष्यही मोजायला लागते. दाराआडून वाचलेल्या माझ्या सातव्या झाडावर मी हा प्रयोग केलेला नाही. ते जितके दिवस फुलणार नाही तितके दिवस राहील, असा सौ.चा हिशेब आहे.

कवेलू · ३० ऑक्टोबर

वहिनींचा हिशेब बिनतोड आहे.

संत्राबाग · ३१ ऑक्टोबर

पूर्णाकाठ ताई, आपल्याकडे पिल्ले दोन आहेत म्हणून धीर करून विचारतो. दोन मुळांचे पिल्लू फेब्रुवारीपर्यंत तगले, तर ते आमच्या घरासाठी देता येईल काय? अंबिया बहाराची संत्री तोवर संपलेली असतील, पण मृगाची आलेली असतील. एक पेटी घेऊन मी स्वतः येईन.

पूर्णाकाठ · ३१ ऑक्टोबर

अवश्य यावे. सासूबाई म्हणतात, पाच मुळांचे द्या. फवारणीचा पंप मात्र घरी ठेवून यावा.